खळीच्या डब्यातलं पीठ

आत्या,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तुला आवडणार नाही, पण खोटं लिहायला हात वळत नाही.

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. आला तो तुझ्या फोटोपुढं हात जोडून काहीतरी गोड बोलून गेला. अक्कांसारखी भाकरी अख्ख्या पेठेत कुणाची नव्हती, अक्कांनी भावाचा संसार सांभाळला, आई गेलेल्या पोराला पोटच्यासारखं वाढवलं. मी सगळं ऐकून घेतलं. आणि मग त्याच दिवशी, पानं मांडायच्या आधी, आपल्या स्वयंपाकघरात एक गोष्ट झाली. ती मी घडवून आणली. तुला ती कुणी सांगणार नाही, कारण गेलेल्या माणसाला वाईट ऐकवू नये म्हणतात. म्हणून मी लिहायला बसलोय. शिवाय उद्या मला मोडनिंबला जायचंय, आणि जायच्या आधी तुझ्याशी चाललेलं भांडण मला पुरं करायचंय. तू मध्येच उठून गेलीस.

तू गेलीस तेव्हा मी रडलो नाही. ते लोकांनी पाहिलं आणि लक्षात ठेवलं. आपण बोलत नव्हतो, हे त्यांना कुठं माहीत? शालनला या घरातून परत पाठवलंस, त्या दिवसापासून मी तुझ्या हातचं मुकाट जेवत होतो आणि ताट मोरीत नेऊन ठेवत होतो. तूही काही विचारलं नाहीस. असंच चालू राहील, कधीतरी तू बोलशील, मग मी ओरडेन, असं मी धरून चाललो होतो. तू तापाचं निमित्त करून निघून गेलीस. ओरडायचं राहूनच गेलं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि घरात उरलो आबा आणि मी. दोघांनाही चहाच्या पुढं काही येत नव्हतं. शेजारची हौसाकाकू, तुझी जिवाभावाची मैत्रीण, सुरुवातीला दोन्ही वेळचं कालवण-भाकरी द्यायची. एक दिवस आबाच म्हणाले, "तिला बी तिचं घर हाय की. किती दिवस मागून खायाचं?" आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणजे कॉलेज अर्ध्यात सोडलेला, चादरीच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं घड्या मोडणारा आणि परत घालणारा माणूस. दुकान उघडायच्या कितीतरी आधी आबांच्या मिलचा भोंगा होतो. म्हणजे आबांचा डबा कुणी करायचा, हे न बोलताच ठरलं.

पहिल्या दिवशी पिठलं केलं. पाणी उकळलं आणि डाळीचं पीठ सगळं एकदम ओतलं. आबा ताटात बोटानं चाचपत राहिले.

"दत्तू, ह्ये पिठलं हाय का भजी?"

"पिठलं."

"मग ह्या गोट्या कसल्या?"

"गाठी झाल्यात, आबा."

"आरं, त्या फोडायच्या असत्यात. कालिजात काय शिकलास मग?"

पण खाल्लं त्यांनी. सगळं खाल्लं, आणि भोंगा झाला तसे टोपी घालून निघून गेले.

शेंगाची चटणी करायला घेतली तर शेंगदाणे एका अंगानं काळे, दुसऱ्या अंगानं कच्चे. उखळात कुटताना तिखटाचा हात डोळ्याला लागला. मोरीत वाकून डोळ्यांवर पाणी मारत होतो, तेवढ्यात हौसाकाकू दारात. "अक्काची आठवण आली व्हय रं? रड बाबा. मोकळं वाटतंय." मी आणखी पाणी मारत राहिलो. ती गल्लीभर सांगत सुटली, पोरगं शेवटी रडलं म्हणून. तुझ्या खात्यावर तेवढं पुण्य फुकट जमा झालं.

भाकरीनं तर माझा जीव काढला. थापताना कड जाड आणि मध्ये भोक. तव्यावर टाकायला जावं तर अर्धी तव्यावर, अर्धी चुलीत. वरून पाणी कधी फिरवायचं ते कळायचं नाही. लवकर फिरवलं की चिखल, उशिरा फिरवलं की भेगा. काकू उंबऱ्यावर बसून हुकूम सोडायची, "पीठ हाताला लाव रं, कपाळाला न्हवं." आबा जळके तुकडे आमटीत बुडवून खायचे आणि म्हणायचे, "पोटात गेल्यावर सगळ्याचा लगदाच व्हतोय."

आणि एक दिवस भाकरी फुगली. तव्यावरून उतरवून निखाऱ्याला लावली आणि टम्म झाली. मी तिच्याकडं बघतच राहिलो. आबांनी ती मोडली, वाफ आली, त्यांनी आणखी एक मागितली. तुला सांगतो आत्या, त्या क्षणी मला ती तुला दाखवावीशी वाटली. राग होता, तरी वाटली. तोवर मला तुझं खरं माहीत नव्हतं.

आता शालनचं बोलू. तू तिचं नाव कधी घेतलं नाहीस. 'ती मोडनिंबची' म्हणायचीस, जणू काही मोडनिंबला एकच मुलगी आहे. माझ्यापुरती खरोखरच एक होती. मागच्या गल्लीत तिच्या मामांकडं राहून ती शिकायची. लायब्ररीत माझ्यासमोर बसायची. मी पुस्तकाची पानं उलटायचो, वाचत काही नव्हतो, आणि ती मान वर न करता म्हणायची, "उलटं धरलंय." मी आबांना सांगितलं तेव्हा ते हो म्हणाले. जात आपलीच, घर आपल्यासारखंच. तूही नाही म्हणाली नाहीस. फक्त म्हणालीस, "पोरीनं हितं येऊन चार भाकऱ्या थापून दाखवाव्यात. मग बोलू."

ही कुठली रीत? मुलगी बघायला मुलाकडची माणसं जातात. मुलगी येऊन परक्याच्या चुलीपुढं बसते का कुठं? तिचे मामा तेच म्हणाले. पण शालनच म्हणाली, "दाखवते की. त्यात काय?" एवढा भरवसा होता तिला आपल्या हातावर. आणि आपल्या घरावर.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. बाहेरच्या खोलीत आबा, मामा आणि मी. आत तू, हौसाकाकू, शालन आणि तिची मामी. हौसाकाकू ताक आणायला तिच्या घरी गेली, तेवढ्यात तू मला हाक मारलीस. "दत्तू, वरच्या फळीवरचा डबा काढून दे रं. माझा हात पोचत न्हाय." निळ्या झाकणाचा पत्र्याचा डबा. मी चवड्यांवर उभा राहून तो काढला आणि तुझ्या हातात दिला. शालननं खाली मान घालून हसू दाबलं. मला केवढं भारी वाटलं! तिच्या पहिल्या भाकरीचं पीठ मी काढून दिलं म्हणून.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "आत्याबाई, थोडं आधण मिळंल का? गरम पाणी?"

आणि मग तुझा. गल्लीच्या टोकाला जाईल असा. "आधण? भाकरी करायची हाय का अंघोळ?"

हौसाकाकू खो खो हसली. बाहेर आबा हसले. मामासुद्धा मिशीत हसले. "आमच्यात गार पाण्यानंच भिजवत्यात, बाई," असं तू म्हणालीस आणि लोटी तिच्यापुढं सरकवलेली मी ऐकली.

एकही भाकरी अखंड उतरली नाही. ते तुकडे ताटलीत घालून तू बाहेर आणलेस आणि मामांपुढं ठेवलेस. "बघा तुमीच. आमी काय बोलावं?" शालन हात धुऊन बाहेर आली. मनगटाला पीठ तसंच होतं. ती रडली नाही. कुणाकडं बघितलंही नाही, माझ्याकडंसुद्धा. मामी तिला धरून घेऊन गेली.

मी तुझ्याशी भांडलो. म्हणालो, भाकरी शिकवता येते. तू म्हणालीस, "भाकरी येती रं. वळण न्हाय शिकवता येत." तुकडे तर मी डोळ्यांनी पाहिले होते.

तिला मोडनिंबला परत नेलं. भाकरी येत नाही तर शिकून काय दिवे लावणार, तिच्या घरचे म्हणाले. तिचं शिक्षण तिथंच थांबलं. मी काही दिवस तिच्या मोकळ्या बाकाकडं बघत बसलो आणि मग मीही कॉलेजला जायचं सोडलं. आबांनी कानाखाली वाजवली. तू मध्ये पडलीस, "राहू दे, जवान पोर हाय." केवढी मायाळू होतीस तू.

यंदाच्या उन्हाळ्यात वीज जायला लागली, तेव्हा गिरणी दोन दिवस बंद पडली. आपल्या डब्यात पीठ संपलेलं. मी इकडं तिकडं शोधलं आणि फळीवरचा तो निळ्या झाकणाचा डबा दिसला. तळाशी पीठ होतं. किडे निघाले ते चाळून टाकले आणि भाकरीला बसलो. थापायला घेतली की काठ फाटायचे. जोडून घेतले तर मधून भेग. उचलली की काटवटीतच दोन तुकडे. मला वाटलं, आली तशी गेली आपली विद्या. ते तुकडेच भाजून आबांना वाढले.

आबांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू लागतंय. कुठलं पीठ घेतलंस?"

"वरच्या डब्यातलं."

"आरं येड्या, त्यो खळीचा डबा. जुनं पीठ खळीला ठेवायची अक्का, फळीवर कागद चिकटवाय आन् तुझ्या पतंगाला. जुन्या पिठात विरी नसती. विरी म्हंजी पिठाची वढ, धरून ठेवती ती. ती गेली की भाकरी तुटणारच, कुणी बी थापू दे. अगदीच नड असली तर आधण टाकायचं, उकड काढायची. मग कुटं जमती. अक्का तर त्या डब्याला भाकरीसाठी हात बी लावायची न्हाय."

पुढचा घास त्यांनी तोंडापर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. दोघांनाही ते एकदमच कळलं.

"आबा, त्या दिवशी..."

"जेव," ते म्हणाले.

माझ्याच हातानं काढून घेतलास तो डबा! दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं? पाट घेऊन चढता आलं नसतं? दर दिवाळीला फराळाच्या डब्यांसाठी चढायचीस तशी? मला ज्या मुलीसाठी जेवण गोड लागत नव्हतं, तिच्यासाठीचं विष तू माझ्याच हातून काढून घेतलंस. आणि तिनं नीट, रीतसर, त्यावरचा एकच उपाय मागितला तेव्हा चारचौघांत तिला हसलीस.

दुसऱ्या दिवशी मी तुझं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. मिठाची बरणी चुलीच्या डावीकडून उचलून खिडकीत ठेवली. मांडणीवरची तुझी पितळी भांडी पालथी घातली. तिखट मोरीजवळ, रॉकेलची बाटली तुझ्या देवळीत. तुझा फोटो भिंतीकडं तोंड करून लावला. आबांनी तो सरळ केला. मी परत फिरवला. त्यांनी परत सरळ केला. असं कितीतरी दिवस चाललं. मिठाची बरणी मात्र मलाच जागेवर आणावी लागली. आमटी ढवळताना डावा हात आपोआप तिथंच जातो, आणि खिडकीत मिठाला पाणी सुटलं. तुझ्यावर सूड उगवायला जावं तर आमटी अळणी. याला काय म्हणायचं?

मग मी चिडचिड थांबवली आणि नीट विचार केला. तुझ्या फोटोशी लढून शालनला काय मिळणार होतं? एकदा दुकानात तिचे मामा चादर घ्यायला आले. मला बघून परत फिरले होते, मी पायरी उतरून गाठलं. विचारलं, ती कशी आहे. म्हणाले, "कशी असणार? बार्शीचं स्थळ गेलं. मोहोळचं गेलं. लोक तोंडावर विचारतात, गरम पाणी मागणारी ती हीच का." तुझं ते वाक्य एवढ्या लांब पोचलं होतं, आत्या. तू गेलीस, पण ते एसटीनं गावोगाव हिंडत होतं. आणि ते जिथं सुटलं तिथंच, त्याच माणसांपुढं, परत घशात घालायचं असं मी ठरवलं.

मी जोंधळे दळून आणले आणि त्यातलं पीठ मुद्दाम बाजूला ठेवलं. पावसाळाभर जपलं. दर बाजारच्या दिवशी चाळायचो, ऊन दाखवायचो, किडा लागू द्यायचो नाही, पण वापरायचो नाही. लोक लोणची मुरवतात, मी पीठ जुनं करत होतो. तुझ्या वर्षश्राद्धाला ते मी रोजच्या डब्यात ओतून ठेवलं.

मामांच्या घरी मी स्वतः गेलो. आबा म्हणाले होते, ते येणार न्हाईत. मी म्हणालो, "मामा, जेवू नका वाटलं तर. पण बसा येऊन." का कोण जाणे, आले. मी त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडली.

तुला आवडायची म्हणून नैवेद्याला जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाची चटणी करायची ठरली होती. चटणी मी केली. आता दाणे जळत नाहीत. भाकरी हौसाकाकूनं थापावी असं मीच म्हणालो. तुझ्यामागं गल्लीत तिचाच हात. काकू पदर खोचून हौसेनं बसली. दारात पाहुण्या बायका, आणि आत पाटावर तुझ्या सासरची, मैंदर्गीची थोरली जाऊ.

काकूनं काटवटीत पीठ घेतलं, बोलता बोलता गार पाणी घातलं, मळलं, थापायला घेतलं. काठ फाटले. "पाणी कमी झालं जणू," म्हणत तिनं जोडले. उचलली तर दोन तुकडे. दुसरी घेतली. तीच गत. दारातलं कुणीतरी फिसकन हसलं. काकूच्या कपाळावर घाम आला. तिनं चिमटीत पीठ घेऊन बोटांवर चोळलं.

"ह्ये पीठ कवाचं रं, दत्तू? विरीच न्हाय ह्यात. आधण ठेव जरा."

हाच शब्द ऐकायला मी पावसाळा काढला होता.

"काकू," मी म्हणालो, "भाकरी करायची हाय का अंघोळ?"

कुणी हसलं नाही. काकूचे हात काटवटीतच राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं, आणि मग हळूच म्हणाली, "पोरीनं त्या दिवशी आधणच मागितलं व्हतं." तिनं काटवट बाजूला सारली. "कुठल्या डब्यातलं दिलं व्हतं तिला?"

"निळ्या झाकणाच्या."

"खळीच्या?"

"खळीच्या. मीच काढून दिला. आत्यानं सांगितलं म्हणून."

काकू तशीच पिठाच्या हातांनी उठली आणि बाहेरच्या खोलीत तुझ्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. सगळ्यांसमोर तुझ्याशी बोलली. "अक्के, दुस्काळात रेशनवर अमेरिकेचा जोंधळा, लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापता येत न्हवती कुणाला. पिठाला आधण टाकाय तूच की गं शिकवलंस साऱ्या गल्लीला. आन् त्या लेकराला हासलीस? आन् मला बी हासाय लावलंस?"

मामा खुर्चीवरून उठले. "आमची पोरगी कच्ची म्हणून आम्हीच मान खाली घालून फिरलो," एवढंच म्हणाले आणि न जेवता गेले. त्यांचं पान तसंच राहिलं.

मला वाटलं होतं की बरं वाटेल. वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तुझ्या श्राद्धाच्या दिवशी, तुझ्याच माणसांत, तुझ्याच तोंडचं वाक्य, आणि तुझी बाजू घ्यायला एकजण नाही. छान वाटलं.

नंतर काकू मोरीपाशी हात धुताना मला म्हणाली, "का केलं आसंल ते सांगू? मैंदर्गीला नवरा गेल्यावर हिला चुलीला शिवू दिलं न्हाय कुणी. लांबून ताट सरकवायचे. हितं आली तवा तुझ्या आईनं चूल हिच्या हातात दिली, वन्सं तुमी बघा म्हणली. तेवढंच हिचं राज्य. सून आली की पुन्यांदा तसंच व्हईल, आसलं भ्या बसलं आसंल." पाटावरच्या तुझ्या जावेनं मान वर केली नाही.

मला हे कळलं. पण कळलं म्हणून राग गेला असं समजू नकोस. भीती वाटत होती तर मला सांगायचं होतंस. शालनला सांगायचं होतंस. ती तुला लांबून ताट सरकवणारी वाटली का? तू तिला दोन वाक्यं बोलू दिली नाहीस. जे तुला मैंदर्गीच्या लोकांनी केलं तेच उचलून तू एका पोरीच्या अंगावर टाकलंस, आणि वर वळण काढलंस तिचं.

त्या दिवशी संध्याकाळी आबांनी फोटोवरची धूळ पुसली आणि म्हणाले, "माझी भन हाय ती, दत्तू. हे आसं चारचौघांत नको व्हतं." मग फडकं झटकत, "पर तिनं बी चारचौघांतच केलं व्हतं." मी फोटो भिंतीकडं फिरवायचं आता सोडलंय. एवढं आबांसाठी.

काल सकाळी हौसाकाकू मामांबरोबर मोडनिंबला गेली. मी जाऊ नको म्हणत होतो. "मी हासले व्हते, मीच सांगती," म्हणाली. संध्याकाळी एसटीतून उतरली ती थेट आपल्या दारात.

"पाणी दे आधी."

पाणी दिलं. तिनं सावकाश प्यायलं, तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"काय म्हणाली?"

"कोण रं?"

"काकू."

"सांगती की. वाळलीय पोरगी. नजर मात्र लई करडी. तिच्या आईबापासमोर, शेजारणी बसल्या व्हत्या त्यांच्यासमोर समदं सांगितलं. हात जोडले मी. तर म्हणती, काकू, काटवटीत हात घातला तवाच पीठ कळलं व्हतं मला."

"मग तेव्हाच बोलली का नाही?"

"मी बी तेच इचारलं. म्हणली, मी घर बघाय आले व्हते. बघितलं."

मी खाली बसलो. आबा खाटेवर विडी पेटवायच्या बेतात होते, काडी तशीच जळत बोटापर्यंत आली.

"तोंड पाडू नकोस," काकू म्हणाली. "न्हाय म्हणली न्हाय. व्हय बी म्हणली न्हाय. म्हणती, त्यांना म्हणावं हिकडं या. आमच्या चुलीवर भाकऱ्या थापून दाखवा. माझ्या चुलत्या, मावश्या, समद्या समोर बसतील. पीठ मी काढून दीन. कुठलं दीन ते सांगणार न्हाय."

आबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. तू गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "झालं," म्हणाले, "आपल्या अक्काला सवाई गाठ पडली."

तर उद्या मी जातोय. तिथं बायका बसतील, हसतील, काय काय बोलतील. ते ठीक आहे, मी उठून जाणार नाही. पण हात चुकला तर? आज सकाळी दोन्ही पिठं पुढं घेतली, डोळे मिटले आणि बोटांनी चोळून बघितली. एकदा ओळखलं, एकदा चुकलो. परत ओळखलं. परत चुकलो. तू असतीस तर चिमटीत धरून सांगितलं असतंस, ह्ये कालचं, ह्ये त्या अमावस्येचं. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो. तुझ्या बोटांत एवढं होतं. मला शिकवलं असतंस, तिला शिकवलं असतंस, तर आम्ही दोघं जन्मभर तुझ्या पाया पडलो असतो. आणि तू त्याचा उपयोग कशासाठी केलास?

ती उद्या काय ठरवेल, मला माहीत नाही. मी पीठ ओळखलं तरी ती घर नको म्हणेल. तसं म्हणायचा तिला हक्क आहे.

पण आली, तर माझा शब्द ऐकून ठेव. पहिल्या दिवशी तिला मी चुलीपुढं बसू देणार नाही. तुझ्या फोटोसमोर पाट मांडीन, तिला बसवीन आणि तव्यावरची पहिली भाकरी तिच्या ताटात वाढीन. आबांच्या आधी, माझ्या आधी. या घरात पहिली गरम भाकरी बाईनं खाल्लेली मी कधी पाहिली नाही. तू तर सगळ्यांचं झाल्यावर उरलेले तुकडे उभ्यानंच खायचीस, मला आता आठवतंय. तिला बसून जेवताना तू बघ. तुला लागावं म्हणूनच करणार आहे मी हे. आणि तिचं पोटभर झालं, की पुढची भाकरी तुझी. ती तुझ्यापुढं ठेवीन, गरम असतानाच.

तुझ्यावर अजून रागावलेला,
तुझाच
दत्तू